दैवशालाची कोप

"कुणाची तरी कोप मोडावी लागंल," मुकादम धनाजी म्हणाला आणि टोळीतल्या सगळ्यांच्या नजरा दैवशालाकडे वळल्या.

उसाचा ट्रक सकाळपासून रुतला होता. रात्री अवकाळी पाऊस झाला, बेंबळीच्या अलीकडच्या शिवारातली काळी माती पार गाळ झाली, आणि भरलेली गाडी फडातून डांबरी सडकेकडे निघाली ती निम्म्या वाटेतच बसली. ड्रायव्हर श्रीशैल जेवढा जोर लावी तेवढी मागची चाकं जागेवर फिरून खोल जात. ओढायला बोलावलेला ट्रॅक्टर ओढ्यातच अडकून पडला होता.

खरा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. निम्मा ऊस उतरवायचा, गाडी सडकेला लावायची आणि तिथं पुन्हा भरायची. पण भरणीची मजुरी एकदाच मिळते, आणि चिखलातून डोक्यावर मोळ्या न्यायला कुणी राजी नव्हतं. मग चाकांखाली कोरडं पाचट, उसाचा वाळलेला पाला, हवं. फडातलं सगळं भिजलेलं. कोरडं राहिलं होतं ते तोडकऱ्यांच्या कोपींचं, पाचटानं शाकारलेल्या झोपड्यांचं, तेही आतल्या बाजूचं.

"माझीच का?" दैवशालानं विचारलं.

"तुझी जवळ हाय."

"जवळ तर तुमची बी हाय, मुकादम."

"माझ्यात चार लेकरं हायती. तुझ्यात कोण हाय?"

"सासू हाय. कालपासून तापानं फणफणलीय."

"आगं, आर्ध्या कोयत्याला आख्खी कोप दिली, हेच लई झालं की."

दोघंतिघं हसले.

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला त्या दिवसापासून दैवशाला अर्धी झाली. अर्ध्या कोयत्याला कुणी मुकादम नेत नाही. धनाजीनं नेलं, आणि ते तो विसरू देत नव्हता. गावाकडं पाणी द्यायलाही कुणी नव्हतं, म्हणून तिनं सासूला बरोबर आणलं होतं. म्हातारीला गारठा लागू नये म्हणून कोपीला दुहेरी पाचट लावलं होतं. त्यामुळं आता सगळ्यांत कोरडी कोप तिचीच होती.

ती श्रीशैलकडे वळली. "दादा, कोप देते. पर गाडी निघाली की आत्याबाईला केबिनमधी घ्या. बेंबळीला दवाखान्यात सोडा."

"सोडतो की अक्का. माझ्या वाटंवरच हाय," श्रीशैल म्हणाला. "पण चिखलात गाडी थांबवणार न्हाय. थांबली की परत बसंल. म्हातारीला सडकंवर आणून ठेवा."

कोप मोडायला वेळ लागला नाही. दोन माणसांनी मेढी उपटल्या, बायकांनी पाचटाचे भारे उचलले. दैवशालानं सासूला, सिताबाईला, पाठीवर घेतलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

"दैवे, गावाकडं निगालो का?"

"न्हाय आत्याबाई. दवाखान्यात."

"मग घर का मोडायलेत?"

"गाडीच्या खाली हातरायलेत."

"का? गाडीला बी ताप आलाय?"

दैवशालाला हसू आलं. हसता हसता पाय घसरला, पण तिनं म्हातारीला पडू दिलं नाही. सडकेखालच्या मोरीच्या कठड्यावर तिला टेकवून बसवलं, गोधडी गुंडाळली आणि गाडीकडे बघत उभी राहिली.

ट्रक हलला. पाचट चाकांखाली कडकडलं, टोळीनं मागून आरोळी दिली, आणि गाडी डुलत डुलत सडकेवर चढली. श्रीशैलनं खिडकीतून हात बाहेर काढला. थांबतोय असं वाटून दैवशालानं सासूच्या काखेत हात घातला. पण श्रीशैल हात हलवून तिला बाजूला व्हायला सांगत होता. हॉर्न वाजवत ट्रक तसाच पुढं गेला.

"दादा! ओ दादा!"

ती वळणापर्यंत धावली. परत आली तेव्हा धनाजी मोरीपाशी उभा होता.

"गेला? जाऊ दे. कारखान्यावर त्याचा नंबर हाय. चल, दुसरी गाडी भरायचीय."

"आत्याबाईला सोडून येते पहिलं."

"कशात बसून? खाडा धरीन. बसव हितंच, एखादी गाडी आली तर हात करंल ती."

दैवशाला हलेना. सिताबाईच म्हणाली, "जा बाई. न्हायतर आर्ध्याचा पाव करतील."

फडातून मोरी दिसत होती. गाडीचा आवाज आला की दैवशाला वाकलेली सरळ होई. सिताबाईचा हात वर गेलेला दिसे. एक मोटारसायकल गेली. भगवे झेंडे लावलेली तुळजापूरच्या भाविकांची जीप गेली. त्यांनी म्हातारीला हात जोडले आणि वेग कमी केला नाही.

उन्हं कलल्यावर एक टेम्पो आला आणि मोरीपाशी थांबला. या वेळी हात वर झालाच नव्हता. टेम्पोवाला खाली उतरला, म्हातारीजवळ गेला, वाकून पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. घाईघाईनं वर चढला आणि निघून गेला.

दैवशालानं कोयता बांधावर ठेवला.

"ये, कुठं चाललीस?" धनाजी ओरडला. "खाडा पडंल!"

ती ट्रकच्या चाकोरीतून निघाली. सगळ्या रानात पाय गुडघ्यापर्यंत जात होता. या चाकोरीत तेवढं घट्ट लागत होतं. चाकांनी तिचं पाचट मातीत पक्कं बसवलं होतं.