भारोभार गूळ

येडशीच्या बाजारात आमच्या ह्यांचं आडतीचं दुकान. नाव बलभीम, आणि पोटही नावाला साजेसं. दुकानातल्या मोठ्या तागडीच्या एका फळीवर हे बसले की दुसरीवर ज्वारीचं पोतं ठेवावं लागतं, असं हमाल म्हणत. ह्यांना त्याचा राग नव्हता. मलाही नव्हता. त्या पोटावर डोकं टेकल्याशिवाय मला झोप येत नसे, आणि ते मी ह्यांना सतरांदा बोलून दाखवलं होतं. पुढं तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

पोटात अल्सर निघाला. सोलापूरच्या दवाखान्यात अर्धं जठर कापून काढलं. ऑपरेशनच्या दिवशी मी रामलिंगाला नवस बोलले, 'माणूस घरी येऊ दे, त्याच्या भारोभार गूळ वाहीन.' माणूस घरी आला, पण मूठभर खाऊन खाऊन असा उतरला की ओळखू येईना.

आल्या दिवसापासून ह्यांनी अंथरूण ओसरीवर नेलं. आधी टाके ओले होते, ठीक. निघताना नर्सबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चार महिन्यांनी नवरा-बायकोनं पूर्वीसारखं राहायला हरकत नाही. ते महिने कधीच सरले. मी आबोली माळली, नवी चोळी घातली, दिवेलागणीलाच जेवणं उरकली. हे पान खाऊन ओसरीवर. मी देवाकडं नवरा काय ओसरीवर झोपायला मागितला होता? मला माझा माणूस हवा होता, आणि तो माझ्यासमोर अंगातली बंडीसुद्धा काढत नव्हता.

त्यात एक नवल. गाल बसलेले, मनगटं काटकीची, पण पोट मात्र हळूहळू परत यायला लागलं. बलभीमशेठ सावरले, असं बाजार म्हणाला. चतकोर भाकरीवर पोट कसं वाढतं ते मला कळेना.

श्रावणातल्या सोमवारी नवस फेडायचा ठरवला. "गूळ वाहा की. तोलायचं कशाला?" असं हे म्हणत राहिले. जन्मभर लोकांचा माल तोलणारा माणूस तागडीला भिऊ लागला. कमी पडायला नको म्हणून मी ह्यांच्या जुन्या देहाच्या अंदाजानं ढेपा घेतल्या आणि तागडीही गाडीत घातली.

रामलिंगाला गोरोबा गुरव म्हणाला, "शेठ, वढ्यात बुडी मारून या. नवस वलेत्यानं फेडायचा, एका धोतरावर."

"मला पडसं झालंय," हे म्हणाले.

"देवाला न्हाय झालं," गोरोबा म्हणाला.

हे ओढ्याकडं गेले ते येईनातच. मी बघायला गेले, तर दगडावर गोधडीचे तुकडे, जुनी उपरणी, माझं एक विरलेलं लुगडं अशी रास, आणि शेजारी हे उघड्या अंगानं उभे. पोटाचं कातडं रिकाम्या पिशवीसारखं लोंबत होतं. मधून टाक्यांचा व्रण.

"बघू नको," हे म्हणाले. "तुझी उशी डाक्टरनं कापून टाकली. आता तुला काय दाखवू?"

एवढ्यासाठी हा माणूस इतके दिवस ओसरीवर डास मारत पडला होता. मला भलताच राग आला, आणि रडूही आलं.

"चला, गुरव थांबलाय," मी म्हणाले.

हे फळीवर बसले. गुळाची फळी जमिनीवरच, आणि हे वर लोंबकळत. बाया पदराआड हसल्या. गोरोबानं डोकं खाजवलं. देवाच्या नावानं आणलेला गूळ माघारी न्यायचा नसतो, आणि तोल आल्याशिवाय नवस फिटत नाही. हे दोन्ही हातांनी पोट झाकून मान खाली घालून बसले होते. मला ते बघवेना. मी सरळ ओढ्यात बुडी मारून आले आणि निथळत ह्यांच्या फळीवर चढले.

"वहिनी, असं कुठं न्हाय," गोरोबा म्हणाला.

"नवरा-बायकूचं अंग एकच, असं लग्नात सांगत्यात न्हवं? मग तोला की."

तागडी डुलली आणि थांबली. जेवढा नवरा गेला होता, जवळजवळ तेवढीच मी भरले. फळी अरुंद, म्हणून ह्यांना कमरेत धरलं. तो व्रण माझ्या दंडाला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांनी अंग चोरलं नाही.

"हाडं टोचत असतील," हे कानाशी पुटपुटले.

"टोचत्यात," मी म्हणाले. "गप बसा, तोल जाईल."

त्या संध्याकाळी ओसरीवरचं अंथरूण मी आत आणलं. मागोमाग हे आपली पानाची चंची घेऊन आले. पोटावर बांधायच्या त्या सगळ्या चिंध्या भरून मी पुढं एक उशी शिवली. चांगली मऊ झाली आहे. पाहुणे आले की त्यांना देते.