हरांतआजोबांची नववी टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हटलं तरी चालेल, पण भंगार म्हणू नका, मला राग येतो. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पंधरा वर्षं एका कॉलेजात राबल्यावर मी अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. तिथून २००३ साली मृणालिनीने मला उचललं. ती नागपूरची, इथे राज्यशास्त्रात पीएचडी करत होती.

तिचा अभ्यास मिहरान तोरोस्यान या आर्मेनियन पुढाऱ्यावर होता. ते आर्मेनियातल्या एका छोट्या शहराचे नगराध्यक्ष. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका हिवाळ्यात तिथली वीज आणि गॅस दोन्ही बंद पडले. बाळंतिणींचं इस्पितळ गरम ठेवायला लाकूड हवं म्हणून त्यांनी जर्दाळूची एक मोठी बाग तोडली. पुढची निवडणूक ते हरले, मुलीकडे मिशिगनला आले आणि इथेच वारले. त्यांना कोणी देवमाणूस म्हणे, कोणी लुटारू.

आधी त्यांच्या ओळखीच्या आठ जणांनी माझ्यासमोर बसून मृणालिनीला मुलाखती दिल्या आणि त्यांची स्तुती केली. खरं सांगू? आठही टेप सारख्याच. थोर होते, दयाळू होते! मी अगदी कंटाळलो, पण मला जांभई देता येत नाही.

नववे आले हरांतआजोबा. तोडलेली बाग त्यांची होती, आणि आता तेही मिशिगनमध्येच राहत होते. ते म्हणाले, "मिहरान चोर होता. मला न विचारता..." आणि मृणालिनीने माझं बटण बंद केलं! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये आणि ऐकूही नये, असं तिला घरी शिकवलं होतं. तिला वाटलं, आपण सभ्यपणे वागलो. आजोबांना मात्र माझा विझलेला लाल दिवा दिसला.

"म्हणजे फक्त माझंच बोलणं नको," असं म्हणून ते उठून गेले. मला फार वाईट वाटलं.

घरी रूममेट स्वानंदी भडकली. "यार, तू इंटरव्ह्यू स्टॉप केलास? हा थीसिस आहे की शोकसभा?"

"अगं, मला ऑक्वर्ड झालं."

"ऑक्वर्ड म्हणे! ते संडेला कॅलिफोर्नियाला शिफ्ट होतायत ना? मग उद्याच जा आणि सॉरी म्हण."

दुसऱ्या दिवशी बर्फातून दोन बस बदलून आम्ही त्यांच्या घरी पोचलो. आजोबा खोकी बांधत होते.

"अंकल, चूक झाली. आमच्याकडे गेलेल्यांबद्दल वाईट बोलत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," ते म्हणाले. "पण मी बोललो नाही तर माझी झाडं कुणाला आठवणार?" आणि त्यांनी स्वतःच माझं बटण दाबलं.

"एकशे चाळीस झाडं होती. मी पोचलो तेव्हा निम्मी आडवी झाली होती. मिहरान स्वतः कुऱ्हाड चालवत होता. हातमोजे फाटलेले, आणि काय बेसूर गात होता! मी शिव्या दिल्या. तो म्हणाला, हरांत, शिव्या दे, पण ती दुसरी कुऱ्हाडही घे. मी घेतली नाही. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. हेही लिही."

ही बातमी मिहरान यांची मुलगी शुशान हिच्या कानावर गेली. ती तडक आमच्या घरी आली. "ती टेप पुसून टाक. नाहीतर बाबांची पत्रं तुला मिळणार नाहीत."

त्या पत्रांशिवाय मृणालिनीचा प्रबंध अडणार होता. तरी ती म्हणाली, "पुसणार नाही, आंटी. पण तुम्ही आधी ऐका." आणि तिने मला सुरू केलं.

शुशान कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. बेसूर गाण्याची गोष्ट आली आणि ती एकदम पुढे सरकली. "परत लाव." मी परत ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"असेच गायचे बाबा! त्या आठ जणांच्या टेप मी ऐकल्यात, त्यांनी पुतळ्याचं वर्णन केलंय. हा माणूस माझ्या बाबांबद्दल बोलतोय."

"पण ते त्यांना चोर म्हणतात," मृणालिनी हळूच म्हणाली.

"म्हणू दे. झाडं त्याचीच होती."

आता २००८ साल आहे. नऊही टेप ग्रंथालयात आहेत, शेजारी शुशानने दिलेली ती पत्रं आहेत. मृणालिनीने डिजिटल रेकॉर्डर घेतला आणि मी कपाटात बसलो. मित्रांनो, माझ्यासारख्यांना कपाटात ठेवताना आतले सेल तेवढे काढून ठेवा, एवढीच आमची काळजी. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस मात्र जुना राग सांगू लागलं, तर "जाऊ द्या ना आता" म्हणू नका. जवळ बसा आणि शेवटपर्यंत ऐका. त्या रागात कुणाचे तरी बाबा अजून गात असतील.