चुक्याच्या दोन पेरण्या

केतकीला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता बाळंतपणापर्यंत पलंग सोडायचा नाही. बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं, बस्स. वर्षभरापूर्वी तिचं पहिलं बाळ पोटात असतानाच, चौथ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे या वेळी कुणी हुज्जत घातली नाही. तिची आई सोलापुरात होती, पण अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला टाकून ती येणार तरी कशी? शेवटी धम्मपालने फरीदाबादला एकट्या राहणाऱ्या वडिलांना फोन केला.

"बाबा, थोडे दिवस नोएडाला येता का? मी दिवसभर ऑफिसात. घरात कुणीतरी असलेलं बरं."

काशीनाथ गजभिये दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन हजर झाले. पण येऊन करायचं काय, हे त्यांना कळेना. केंद्र सरकारच्या जलखात्यात चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. घरातलं सगळं त्यांच्या पत्नीने, मीराबाईंनी पाहिलेलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. इथे स्वयंपाकाला बाई येत होती, औषधं धम्मपाल देऊन जाई. सुनेशी आजवर "कशी आहेस?" आणि "बरी आहे, बाबा" याच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. ते हॉलमध्ये बसून वर्तमानपत्र दोनदा वाचत आणि आतली चाहूल घेत.

एका सकाळी आतून केतकीचा आवाज आला. ती आईशी फोनवर बोलत होती.

"आई, चुक्याची भाजी खावीशी वाटते गं. पातळ, शेंगदाणे घातलेली. इथे कुठली मिळायला? भाजीवाल्याला चुका म्हटलं तर तो पालक पुढे करतो."

काशीनाथांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याच दुपारी त्यांनी नागपूरच्या जुन्या सहकाऱ्याला, भालचंद्रला गळ घातली. आठवड्याभरात कुरिअरने चुक्याचं बी आलं. खाली नर्सरीवाल्याकडून दोन लांबट कुंड्या, माती, शेणखत आणलं. आणि मग खरी अडचण उभी राहिली. नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळचं ऊन फक्त एकाच खिडकीत यायचं, आणि ती खिडकी केतकीच्या खोलीत होती.

मुलाच्या बेडरूममध्ये, सून पलंगावर पडलेली असताना, सासऱ्याने कसं जायचं? त्यांनी दारात उभं राहून दोनदा खोकून घेतलं.

"या ना, बाबा."

"अच्छा, ते जरा... खिडकीत ठेवायचं होतं. तुला त्रास नसेल तर."

काच आणि लोखंडी जाळी यांच्यामधल्या कट्ट्यावर कुंड्या बरोबर बसल्या. काशीनाथांनी बी पेरलं, हाताने पाणी शिंपडलं आणि खाली मान घालून बाहेर पडले. कसलं बी, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग रोज सकाळी साडेसातला दारात खोकला आणि हातात तांब्या. सहाव्या दिवशी केतकीच म्हणाली, "बाबा, आलंय हो! डावीकडच्या कुंडीत बघा. मी पहाटेपासून बघतेय." आणि ओळखूही आलं तिला. पानं जरा रुंद झाली तशी ती मानेखाली उशी घेऊन नीट उठून बसली. "हा चुका आहे? तुम्ही फोन ऐकला होता माझा?"

काशीनाथ ओशाळले. "दार उघडं होतं, बेटा."

ती हसली. त्या दिवसापासून तिला बघायला काहीतरी मिळालं. नोव्हेंबरची धुरकट हवा सुरू झाली, काच बंद ठेवावी लागे. पण ती काचेतून रोपं मोजायची आणि संध्याकाळी धम्मपालला आकडा सांगायची. काशीनाथ ओल्या फडक्याने पानांवरची काजळी पुसत. चार शब्द होऊ लागले.

आणि एका सकाळी ते तांब्या घेऊन आले, तर केतकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. कट्ट्यावर कबुतराची पिसं होती. एकही रोप धड राहिलं नव्हतं. देठ तेवढे उरले होते.

"मी झोपले होते," ती म्हणाली. "मला कळलंच नाही. मागच्या वेळीही असंच, बाबा. झोपले होते आणि..." तिने हात पोटावर धरला. "हेही नाही राहणार. मला माहीत आहे."

आपल्या घरात शकुन-अपशकुन कधी मानले नाहीत, हे सांगायला काशीनाथांनी तोंड उघडलं. पण तिचे हलणारे खांदे बघून ते वाक्य त्यांच्याच्याने पुरं होईना. बाहेर जावं असंही वाटलं. पण त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या खोलीत बसले.

ते म्हणाले, "धम्मपालच्या आधी आमची दोन गेली. त्याला माहीत नाही."

केतकी वळली.

"दुसऱ्या वेळी मी तिसऱ्याच दिवशी ऑफिसला गेलो. रजा होती माझ्या खात्यात. साहेब म्हणालेही, गजभिये, घरी थांबा. मी म्हटलं, घरी थांबून काय करू? खरं सांगतो, मला तिचं रडणं बघवत नव्हतं. ती एकटीच रडली असेल दिवसभर. कधी बोलली नाही मला. मीही विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नंतर धम्मपाल झाला, चांगला धडधाकट. त्या दोघांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. या कबुतराचा आणि तुझ्या बाळाचाही नाही. पण तुला भीती वाटते, ते बरोबर आहे. मी बसतो इथे."

ते जेवायच्या वेळेपर्यंत बसले. केतकी रडली, मग थोडी झोपली. उठल्यावर तिने विचारलं, "बी उरलंय का हो?"

दुसरी पेरणी तिने स्वतः केली. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर ताट, ताटात मातीत कालवलेलं बी. काशीनाथांनी कुंड्या पलंगाजवळ धरल्या आणि तिने ते चिमटीने टाकलं. मग त्यांनी जाळीला आतून नायलॉनची बारीक जाळी शिवली. दाभणाने बोट दोनदा टोचून घेतलं, पण एकही फट सोडली नाही.

थंडीने रोपं हळू वाढली. डिसेंबर सरता सरता पानं खुडण्याजोगी झाली. दोन कुंड्यांतून जेमतेम दोन मुठी निघाल्या, म्हणून पालकाची भर घालावी लागली. बाईला सुट्टी होती. काशीनाथ पदर खोचल्यासारखा टॉवेल कमरेला बांधून गॅससमोर उभे राहिले आणि केतकी पलंगावरून सूचना देऊ लागली.

"डाळ शिजली का? आता घोटा! गूळ घातलात?"

"किती?"

"सुपारीएवढा. लसूण करपू देऊ नका हां, बाबा!"

लसूण करपलाच. तरी केतकीने दोन वाट्या भाजी भाताशी कालवून खाल्ली आणि वाटी बोटाने पुसून घेतली. "आंबट कमी आहे," ती म्हणाली, "पण मस्त झालीय." काशीनाथांनी चमच्याने चव घेतली. त्यांना ती काही खास वाटली नाही. पण तिला खाताना ते बघत राहिले.

जानेवारीच्या शेवटी, तीन आठवडे आधीच, भर दुपारी दवाखान्यात मुलगी झाली. सव्वादोन किलोची, पण आवाज खणखणीत. धम्मपाल आत केतकीजवळ होता. त्याने बाहेर येऊन वडिलांना सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. "सोलापूरला तुम्हीच सांगा ना, बाबा. मला आत जायचंय."

काशीनाथांनी नंबर लावला. "मी केतकीचा सासरा बोलतोय. मुलगी झाली. दोघी अगदी बऱ्या आहेत."

पलीकडे केतकीची आई रडू लागली. काशीनाथ भिंतीशी टेकले आणि फोन कानाशी तसाच धरून राहिले. "रडा," ते म्हणाले, "सावकाश रडा. मी फोन ठेवत नाही."