जमिनीत राहिलेले मुळे

पेत्रोनिलाने टोपलीवरचं फडकं ओढलं, आत पाहिलं आणि लगेच पुन्हा झाकलं. पण समोर भाजी घेऊन बसलेली तोमासा, तिची नजर घारीची.

"काय गं पेत्रोनिला, मुळे आणलेस की कुणाचे सुजलेले पाय?"

आजूबाजूच्या भाजीवाल्या खदखदून हसल्या.

"तुझ्या तोंडापेक्षा बरे दिसतात," पेत्रोनिला म्हणाली. पण आज आवाजाला धार नव्हती.

सोलेदाद मातेच्या उत्सवाचं यजमानपण या वर्षी तिने हट्टाने मागून घेतलं होतं. साऱ्या वस्तीला जेवू घालायचं तर माझ्याच चुलीवरचं, असं ती पाद्रीबाबांना तोंडावर म्हणाली होती. मग पंधरवडाभर घरात मिरच्या भाजणं, मका दळणं, कोंबड्या सोलणं. मळ्याकडे कुणी फिरकलंच नाही, आणि मुळे काही तिच्यासाठी थांबले नाहीत. मांडीएवढे झाले, कुणाला तीन पाय फुटले, कुणाला शेपूट. खायला निव्वळ चोथा.

आणि आज नाताळच्या जेवणाचा बाजार. साऱ्या ओहाका शहराच्या बायका चौकात. चर्चच्या पायऱ्यांलगतचा कोपरा पेत्रोनिलाकडे तिच्या आईपासून होता. पण रिवाज म्हणजे रिवाज: आजच्या दिवशी ज्याची टोपली भरलेली घरी गेली, त्याने कोपरा सोडायचा. पायऱ्या उतरणाऱ्याच्या नजरेस पहिला पडेल तो माल चांगलाच हवा. तोमासाने तर त्या कोपऱ्यात यायला आपली चटई गुंडाळून तयार ठेवली होती.

"आई, हाका मार ना जरा," मुलगा नाबोर कुजबुजला.

"माझी आई कधी ओरडली नाही, मी ओरडणार नाही. आपला माल बोलतो."

"आज काय बोलणार तो?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

मागे सून बसली होती, कासिल्दा. लाकडाचे संत कोरणाऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा पेत्रोनिला म्हणाली होती, "लाकूड काय शिजवून खायचं?" तेव्हापासून ती घरात मोजकंच बोलत असे. आत्ताही मान खाली होती. मांडीवर सगळ्यांत बेढब मुळा, हातात पाला छाटायची सुरी. लाल साल सुटत होती, आतलं पांढरं उघडं पडत होतं.

प्रार्थना सुटली. लोक पायऱ्या उतरू लागले आणि एक बाई मध्येच थबकली.

"अगंबाई! ही तर पेत्रोनिला!"

पेत्रोनिला वळली. टोपलीच्या काठावर मुळ्याची बाई उभी होती. लाल घेरदार झगा, कमरेवर हात, तोंड उघडं, नाक आभाळात.

चौक हसत सुटला. कुणी मुलं वर उचलून दाखवली, कुणी मागच्यांना हाका मारल्या. तोमासा तर डोळे पुसत होती.

"बोलतोय गं बोलतोय, तुझा माल बोलतोय!"

पेत्रोनिलाने हात पुढे केला. कासिल्दाने सुरी तिच्या हातात दिली. हसू एकदम थांबलं. पेत्रोनिलाने ती लाल बाई मुठीत धरली, डोळ्यांजवळ नेली, सुरी टेकवली आणि नाकाची एक बारीक चकती उडवली.

"एवढं मोठं नाही माझं नाक," ती म्हणाली, आणि सुरी सुनेला परत दिली.

मग जी झुंबड उडाली! "मला पाद्रीबाबा करून दे!" "आमचे हे, पोटासकट!" "मला मारियामाता, आणि तिचं बाळ, आणि गाढव पण! जेवणाच्या मेजावर मधोमध मांडते." तीन पायांच्या मुळ्यावर दोघी भांडल्या. कासिल्दाच्या सुरीला उसंत नव्हती. गाल लाल, केस सुटलेले, आणि ती बोलत होती, चक्क हुकूम सोडत होती: "थांबा हो मावशी! शेपटीवाला इकडे द्या, त्याचा सैतान होईल!" पेत्रोनिला टोपलीतून मुळे निवडून तिच्या हातात देत होती. कुणाला काय फुटलंय ते आता तिलाही दिसू लागलं होतं.

ऊन कलायच्या आत टोपलीत नुसती माती उरली. तोमासाने चटई पुन्हा आपल्याच जागी पसरली.

"ती पेत्रोनिला केवढ्याला?" तिने हळूच विचारलं.

"ती विकायची नाही."

मुळ्याची बाई सुकू लागली होती. पेत्रोनिलाने ओंजळीने तिच्यावर पाणी शिंपडलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून शालीआड घेतली. नाबोर गाडी घेऊन आला, रिकामी टोपली पाहून बघतच राहिला.

"पुढच्या वर्षी भिंतीकडचे दोन वाफे उपटायचे नाहीत," ती त्याला म्हणाली. "कुणी विचारलं तर सांग, विसरलो."

मग आईपासून चालत आलेला आपला पाट तिने पायाने सुनेकडे सरकवला.

"बस त्याच्यावर. जमिनीवर बसून हात आखडतात."