घंगाळाचा जीव टांगणीला

“सोनीमाय, आंग धुनं अन् न्हानं एकच असते का?”

वर्षाराणीनं विचारलं खरं. मागे तिच्या मैत्रिणी निकिता अन् चंदा ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. सोनीबाई म्हणजे गावातल्या बाळांना न्हाऊ घालणारी कडक म्हातारी. तिला विचारायची पैजच लागली होती.

मित्रांनो, मी अनसिंगच्या या अंगणातलं एक जुनं पितळी घंगाळ आहे. त्या सकाळी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्षाराणीची ताई, निता, बाळंतपणाला आली होती आणि बाळासाठी वाशीमहून प्लास्टिकचा टब आणला होता. मी निघणार होतो मोडीत. गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजतही होता!

मला घडवणाऱ्याच्या हातोड्याचे ठोके अजून अंगावर आहेत. कुणाकडे बाळ झालं की मला मागून न्यायचे, चिंचेनं घासायचे, वाखाणायचे. पुढे गीझर आले आणि माझ्यात कोंबड्यांचं पाणी राहू लागलं.

“एक कसं असन, पोरी?” सोनीबाई म्हणाली. “आंग आपलं आपून धुतो. न्हाऊ दुसऱ्यानं घालावं लागते.”

“आमच्या मॅडम म्हनल्या, मूळ शब्द ‘स्नान’. लोकायच्या बोलन्यात त्याचं ‘ण्हाण’ झालं, मंग ‘न्हाण’.”

“असन. पन हे हात आता आयकत नाहीत.” तिचे हात थरथरत होते. “म्हनून तं तुह्या मायनं टब आनला.”

टबात बाळ आक्रोश करत होतं आणि त्याला धरायला वर्षाराणीची आई भीत होती. भोंगा दाराशी आला. वर्षाराणीनं मला उचललं, खसाखसा घासलं, पाणी भरलं.

“न्हाऊ घालते म्हने! सोताची येनी घालता येत नाही!” चंदा खिदळली.

वर्षाराणीनं पाण्यात बोट घातलं.

“बोटानं नाही, कोपरानं पाह्य!” सोनीबाई कडाडली. “चटकलं? थंड ओत. आता पाय पसर.”

निताताईनं बाळ तिच्या पिंडऱ्यांवर पालथं दिलं. माझ्यातलं पाणी ओंजळीनं त्याच्या पाठीवर गेलं. बाळ गप्प झालं. चंदानं टॉवेल पुढे केला.

मित्रांनो, अडगळीतलं भांडं विकण्याआधी त्यानं कुणाची सेवा केली, एवढं तरी विचारा.

दारात वर्षाराणीचे बाबा, जगदेवभाऊ, भंगारवाल्याला घेऊन उभे होते. वर्षाराणी ओल्या पायांनीच बोलली, “बाबा, त्याले तसंच जाऊ द्या. आई, तू भेऊ नको. उद्यापासून शाळेत जायच्या आधी बाळाले मी न्हाऊ घालीन. सोनीमाय बाजूले बसन, अन् पानी याच घंगाळातलं!”