दोनच मापं

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. आज टाळ-चिपळ्या बाजूला ठेवू. पंधरा पावलांची गोष्ट आहे, हळूच सांगतो.

कोलकात्यातल्या एका कंपनीच्या समारंभात रंगमंचामागे श्यामकांत जमिनीवर बसून रोशनाराच्या कृत्रिम पायात कापूस कोंबत होता. कंपनीचा समाजकार्य विभाग त्याच्याकडे होता, आणि रोशनाराला आज साहेबांपुढे मंचावर पंधरा पावलं चालून दाखवायचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिथल्याच गार्डन रीच वस्तीतल्या शिबिरात कंपनीने हे पाय वाटले, तेव्हा मापं दोनच आली होती, लहान आणि मोठं. रोशनाराच्या वाट्याला मोठं आलं. गुडघ्याखालची जखम तेव्हापासून भरलीच नव्हती.

“नकोच चालूस. पाय घासतो म्हणून मी सांगतो साहेबांना.”

“म्हणजे म्हणतील, दिलेलं धड वापरता येत नाही, आणखी कशाला हवं?” ती म्हणाली. “दादा, साहेब खूश झाले तर आमच्या गल्लीत मापाने पाय बनवणारी कार्यशाळा होईल, हे तुमचेच शब्द. चाळीसजण लंगडतायत. बांधा घट्ट. लग्नातसुद्धा मला एवढं कुणी सजवलं नव्हतं.”

त्याने पट्टा आवळला. तिने ओढणीचं टोक दातांत धरलं.

नाव पुकारलं गेलं. ती निघाली. पडद्याआडून श्यामकांत पावलं मोजत राहिला. बाराव्याला ती किंचित थबकली, मग हसली आणि पोचली.

मंचावर बसलेले संचालक साहेब उठून उभे राहिले. “पाहिलंत? किती छान चालते! आता वेगळी कार्यशाळा कशाला? हेच पाय आणखी दोनशे वाटू. देशाचा विकास म्हणतात तो हाच!”

टाळ्या पडल्या. रोशनाराने वळून पडद्याकडे पाहिलं.

श्यामकांत मंचावर आला आणि तिच्या पायांशी वाकला. दर एकादशीला घरी कीर्तन करणारा माणूस, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक. तो नमस्कार करतोय असं वाटून टाळ्या वाढल्या, फोटोवाले पुढे धावले.

“सोडू?” त्याने खालूनच विचारलं.

तिने त्याच्या खांद्यावर भार टाकला. “सोडा, दादा.”

पट्टा सुटला. कापूस लाल झाला होता. मानसी नावाची निवेदिका खुर्ची घेऊन धावली, तीत रोशनाराला बसवून श्यामकांतने तो पाय साहेबांपुढच्या फुलांशेजारी ठेवला. टाळ्या एकेक करत थांबल्या.

पुढचं मला विचारू नका, मायबाप. एवढंच करा, कधी नवी चप्पल चावली, तर गार्डन रीचच्या रोशनाराची आठवण काढा.