दोन खोल्या आणि एक बंडी

नियाज मिस्त्री अकोल्यात येऊन चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यानं दोन खोल्यांतलं सामान नऊ वेळा हलवलं होतं. तेल्हाऱ्याला त्याचं बैलबंड्या, म्हणजे बैलगाड्या, करायचं दुकान होतं. ओळीनं तीन वर्षं कापसानं दगा दिला, लोकांनी बैल विकून टाकले. मग बंडी कोण करून घेणार? दुकानाला कुलूप लावून तो बायको महेजबीन आणि दहावीतली मुलगी तहरीम यांना घेऊन इथं तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. महेजबीन शाळेचे गणवेश शिवायची, त्यावर घर चाललं होतं. नियाजचे हात मात्र रिकामे, आणि रिकाम्या हातांनी त्याला बसवत नव्हतं.

एक दिवस कोणाला न विचारता त्यानं प्लायवूड आणलं आणि भिंतभर कपाट ठोकलं. त्याची फळी खाली ओढली की पलंग, वर अडकवली की कापड बेतायचं टेबल. दिसायला झकास. पण पलंग उघडला की स्वयंपाकघराचं दार अडायचं, आणि टेबल लावलं की तहरीमला बसायला जागा उरायची नाही. त्यात मे महिना. कूलरच्या ओलीनं प्लाय फुगलं आणि टेबल अर्ध्यातच अडकून बसलं.

महेजबीन आवाज न चढवता म्हणाली, "तुमी भिंती मोजल्या. आमी इथं कसे राह्यतो, ते पाह्यलंच नाई."

नियाज चप्पल घालून तडक खाली उतरला. चौकात दोन चहा घेतले, तरी राग गेला नाही. परत आला तेव्हा बायकोनं सांगितलं, उद्याचा दिवस हत्याराला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं.

तो बसला. बोटं मांडीवर वाजत होती. पण डोळे उघडे होते. सकाळी महेजबीन खिडकीपाशी शिवत होती. ऊन आत आलं तशी मशीन उचलून दाराशी नेली, दुपारी स्वयंपाकघरात, संध्याकाळी पुन्हा खिडकीशी. लोखंडी मशीन, दिवसातून तीन वेळा. तहरीम धान्याच्या कोठीवर पुस्तक ठेवून उभ्यानं वाचत होती. नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी यायचं, म्हणून गॅलरी ड्रमांनी भरलेली. त्यांच्यामुळे गॅलरीचं दार उघडत नव्हतं, वारा येत नव्हता, आणि कूलर दिवसभर घरघरत होता. चार महिने हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं तेल्हाऱ्याला गेला. साळ्याच्या, महेजबीनच्या भावाच्या, गोठ्यात त्याची शेवटची बंडी उभी होती. ज्यानं सांगून करून घेतली, त्यानं ती न्यायच्या आधीच बैलजोडी विकली होती. ती खोलून लाकडं अकोल्याला न्यायची होती. साळा म्हणाला, मी खोलतो. नियाजनं नकारार्थी मान हलवली. पहिली खुंटी काढायलाच त्याला दुपार झाली. पुढची लाकडं मात्र सुटत गेली.

अकोल्यात आता प्रत्येक फळी लावण्याआधी तो घरच्यांना विचारू लागला. महेजबीन हात टेकवून सांगे, दोन बोटं खाली घ्या. खिडकीखाली कापड बेतायला बिजागरीची फळी बसली, काम झालं की मिटून भिंतीला लागायची. मशीन चाकांच्या चौरंगावर चढली. पायानं ढकलली की सरकायची. ड्रम गॅलरीच्या एका भिंतीला ओळीनं लागले आणि वर जाड फळी पडली. तहरीमची बैठक झाली. दार पुरतं उघडलं. पश्चिमेच्या खिडकीला बंडीच्या तिरक्या पट्ट्यांची झिलमिल लागली; ऊन अडायचं, वारा यायचा. कपडे धुतलेलं पाणी संडासाला जाऊ लागलं. फुगलेलं कपाट मोडलं, चांगल्या प्लायचे कप्पे झाले.

जूनच्या आधीच कूलर फक्त दुपारी लागू लागला. तळमजल्यावरचे शेषराव, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, वर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, आमच्याकडंही असंच करून द्या.

शेषराव गेल्यावर तहरीमनं विचारलं, "अब्बा, लोकांनी पुन्हा बैल घेतले तं आपण वापस जाऊ?"

नियाज रंधा पुसत होता. "मले नाई मालूम बेटा," तो म्हणाला. "तिथं होतो तवा तिथलं करत होतो. आता जीव दोन्हीकडं ओढून राह्यला."

महेजबीननं मशीन उजेडात सरकवली. नियाज थोडा वेळ तिच्याजवळ बसला, मग उठून जिना उतरू लागला. शेषरावांच्या घरात दुपारचं ऊन कुठवर येतं, ते आजच पाहायचं होतं.